बोलू नका

हार्मान्नुस, आता तासभर बोलू नका.
बोललात तर जिभेला साखर लागेल,
घशाच्या स्नायूंना लागेल,
आणि चित्रात तुमचा गळा उगाच पेटलेला दिसेल.
हसूही नका. गेस्क हसवेल म्हणून
तिला मी बाहेर बसवलंय, कॉफीच्या यंत्रापाशी.

सहा आठवडे ताप. संध्याकाळी चढतो,
पहाटे गादी भिजवून उतरतो.
रक्त तीनदा पेरून पाहिलं, जंतू उगवला नाही.
लघवी स्वच्छ.
सोनोग्राफीवाला म्हणाला, दोन्ही मूत्रपिंडं
कालव्यातल्या बेडकांच्या अंड्यांसारखी,
गाठीला गाठ चिकटलेली, पाण्याने टच्च.
यातली नासलेली कोणती, बाहेरून कसं सांगू?
रंगद्रव्य टोचून बघावं, तर किडनीचं उरलंसुरलं कामही जायचं.
मग नुसतीच औषधं,
एक, नंतर दुसरं, नंतर दोन्ही.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तुमचं आयुष्य गेलं लोकांच्या भिंतींतल्या भेगा मोजण्यात.
जमिनीखालचा गॅस उपसला,
वर ग्रोनिंगेनच्या खेड्यांतली विटांची घरं हलली,
आणि तुम्ही सायकलवरून जायचात,
भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचात.
महिन्याने पुन्हा जायचं.
काच तडकली, तर भेग जिवंत.
सुई टोचण्याआधी तुम्हीच सांगितलंत हे.
त्या खेड्यांत कुणाला पटत नव्हतं म्हणे,
की हादरा एकीकडे आणि भेग भलत्याच खोलीत.

ही साखर थोडी खोटी, थोडी किरणोत्सारी.
पेशी तिला खाऊ समजून आत घेते,
पचवता येत नाही म्हणून धरून बसते,
आणि तिथेच दिवा लागतो.
अंधाऱ्या घरात मुंग्यांचं वारूळ शोधायचं
तर साखर सांडून ठेवावी,
आणि आपण गप्प बसावं.
मेंदू खाईल, तो सदाचाच हावरा.
हृदय खाईल थोडी.
पण जिथे पांढऱ्या पेशी सहा आठवडे लढतायत
तिथे झुंबड उडेल.

हे दुसरं पांघरूण घ्या.
थंडी वाजली तर मानेतली चरबी पेटते, आम्ही फसतो.

मग बोगदा.
हात डोक्यावर, शरण आल्यासारखे.
काचेपलीकडे डॉक्टर आउक्ये, चष्मा कपाळावर,
थरामागून थर खाली उतरतात.
मूत्राशय लखलखतंय. ते लखलखणारच,
साखरेची बाहेर पडायची वाट ती.
डावी किडनी करडी.
उजवी करडी, एवढी फुगलेली
की आतड्यांना कोपऱ्यात रेटलंय.
काहीच नाही.
आउक्ये पुन्हा वर जातात.
आणि तिथे, यकृतात,
श्वासपटलाला अगदी खेटून,
लिंबाएवढी एक गाठ:
कडेला पेटलेलं कंकण, मधे काळोख,
ग्रहणातल्या सूर्यासारखी.
यकृताकडे सहा आठवड्यांत कोणी वळून बघितलं नव्हतं.

(दुसऱ्या दिवशी सुईने पू काढला.
खोकल्याच्या औषधाच्या दोन झाकणांत मावेल एवढा.
तेवढ्याने माणूस पोखरला होता.)

गेस्कला चित्र बघायचं होतं.
नियमात बसत नाही. दाखवलं.
तिने त्या कंकणाकडे बघितलंच नाही.
बघत राहिली बाकीच्या गाठींकडे,
शांत, करड्या, कुणाला न दुखवणाऱ्या.
म्हणाली, बत्तिसाव्या वर्षी यातल्या किती दिसल्या असत्या?
कुणाच्या बत्तिसाव्या, ते मी विचारलं नाही.
उजवा हात कमरेवर होता तिचा,
कोटाचं बटण शोधावं तसा.

मग तुम्ही आलात, शर्टाची एक बाही अजून रिकामी.
मी म्हटलं, आता बोला, हार्मान्नुस.
तुम्ही म्हणालात, भूक लागलीय.

दोन मीटर लांब राहा, आजच्या दिवस,
साखर अजून विझायची आहे.
गेस्कने पिशवीतून चीजचा पाव काढला,
खुर्चीच्या टोकावर ठेवला,
मागे सरली,
आणि तुम्ही तो उचलेपर्यंत
तुमच्याकडे बघत उभी राहिली.